माळ्यावरच्या बाईसाहेब

२८ एप्रिल, सोमवार

ऊन चांगलं, वारा बोचरा. हिवाळाभर मातीत आडवं करून पुरलेलं अंजिराचं झाड आज वर काढून उभं केलं. दोन फांद्या गेल्या, बाकी झाड जिवंत आहे. माझी कंबरही जिवंत आहे, पण तक्रारीसकट.

टोरोंटोत आल्यापासून जन्मभर लोकांच्या घरांत आणि बँकांत फरश्या घातल्या. तेव्हा रोज संध्याकाळी नोंद लिहायचो: हवा कशी, मिश्रण कसं, काम किती झालं. काम सुटलं, सवय सुटली नाही. आता बागेची आणि तळघरातल्या वाइनची नोंद लिहितो. नोरिना म्हणते, "लिही, लिही. बायकोशी बोलण्यापेक्षा वहीशी बोल." वही बरी. मध्येच तोंड घालत नाही.

आजची नोंद मात्र निराळी आहे. वरची खोली रंगवायला गेलो, तर छताच्या आत धपधप पावलं. उंदीर नव्हे, उंदीर असा बूट घातल्यासारखा चालत नाही. बाहेर येऊन पाहिलं. वळचणीच्या कोपऱ्यातली फळी उचकटलेली आणि भोकाच्या कडेला राखाडी केस अडकलेले. म्हणजे रॅकून. माझ्या माळ्यावर, मला न विचारता.

जूनच्या आत खोली भाड्यानं द्यायची आहे. डोक्यावर असला धिंगाणा चालला तर कोण राहील? तशी नोरिनाला कोणीच पसंत पडत नाही, ते वेगळंच. काल एक नर्सबाई खोली बघून गेली. शांत, नीटनेटकी. नोरिना म्हणाली, तिचं हसणं खोटं आहे. त्याच्या आधीच्या मुलाचे बूट म्हणे फार मोठे होते.

"बूट मोठे म्हणून खोली नाही द्यायची?"

"जिना झिजतो."

जिन्याचा हा पुळका हिला अचानक कुठून आला, कळत नाही.

१ मे, गुरुवार

तो दिसला. दिवेलागणीला भोकातून आधी डोकं काढलं, मग सगळं बूड ओढत बाहेर आला, आणि स्वयंपाकघराच्या सपाट छपरावर बसून अंग खाजवायला लागला. डोळ्यांवर काळी पट्टी. माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच भाडं थकवलंय.

मी ओळखलं त्याला. गेल्या शरदात द्राक्षं तोडायच्या आदल्या रात्री मांडव साफ करणारा हाच. पिकलेले घड नेमके निवडून खाल्ले आणि आंबट तेवढे आमच्यासाठी ठेवले. पालिकेनं दिलेल्या कचऱ्याच्या डब्याची कडी मला चष्मा लावून उघडावी लागते. हा एका हातानं उघडतो.

कुंपणापलीकडून फर्नांदा बघत होती. बाई पोर्तुगीज, विधवा, आणि आवाज असा की तिला फोनची गरज नाही.

"मेस्त्री, पाहुणे आले वाटतं! जेवायला काय केलंय त्यांच्यासाठी?"

"तुमच्याकडे पाठवतो, थांबा."

"पाठवा ना! माझ्याकडे तसंही कोण येतंय?"

३ मे, शनिवार

पाऊस. लेक ऑर्नेला आली आहे. गेल्या शनिवारीही आली होती, त्याच्या आदल्याही. क्रेगला म्हणे हल्ली बाहेरगावची कामं फार. जावई कष्टाळू आहे, हे मी नेहमीच म्हणत आलोय. येताना शिवणयंत्र घेऊन आली. बिघडलंय म्हणे. मी चालवून पाहिलं, छान चालतंय. म्हटलं, मग ते परत घेऊन जा. तर नोरिना माझ्यावरच डाफरली.

पोरगी वाळली आहे. फ्रिको केला होता, चीज-बटाट्याचा तव्यावरचा जाड पोळा, तिचा लहानपणापासूनचा आवडता, कडेनं खरपूस. अर्धा तसाच टाकला. बोटात अंगठी नव्हती. विचारलं तर म्हणाली, बोटं सुजतात. वाळलेल्या माणसाची बोटं कशी सुजतात कोण जाणे. मीठ कमी खा म्हणून सांगितलं.

मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की मायलेकी गप्प होतात. जूनमध्ये मला पंचाहत्तर पूर्ण होतायत. काहीतरी घाट घालतायत दोघी. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. वाटू दे.

जेवताना तिनं विचारलं, "पप्पा, वरची खोली दिलीस का कोणाला?"

"देतोय कसला! आधी तो चोर तर निघू दे. पण एकदा निघाला की आठवड्यात देतो बघ."

"बरं," म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

५ मे, सोमवार

काम फत्ते. सविस्तर लिहितो.

कामाचा वार असून ऑर्नेला इथेच आहे. ती ज्या दातांच्या दवाखान्यात असते, तिथे रंगकाम चाललंय म्हणे. मला बरंच झालं, शिडी धरायला माणूस मिळालं. संध्याकाळी तो चोर बाहेर पडून गल्लीकडे गेला तशी मी शिडी लावली. नोरिना खालून ओरडत होती, "या वयात तंगडी मोडून घे! छप्परवाल्याला बोलाव!" छप्परवाला येणार, पत्र्याचा तुकडा ठोकणार आणि निघून जाणार. पत्रा ज्याला कचऱ्याच्या डब्याएवढाही अवघड नाही, त्याच्यासाठी पत्रा?

मी जाळी बसवली, जाळीवर सिमेंट. गॅरेजमध्ये जुन्या कामाची संगमरवराची खडी उरली होती, हिरवी आणि गुलाबी, तीही मिसळली. थापीनं असा हात फिरवला की बघत राहावं. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या फरशीकाम चालतं, तिथला माणूस भोक नुसतं बुजवत नाही.

"वर कोण बघणार आहे ते?" नोरिना म्हणाली.

"मला ठाऊक आहे ना की तिथे आहे!"

मी वर असताना ऑर्नेला खालून म्हणाली, "पप्पा, तुला एक सांगायचं होतं."

"आधी शिडी धर नीट, मग सांग."

उतरलो तोवर विसरली बहुतेक. मीही हात धुवायला गेलो. सिमेंट नखात राहिलं तर नोरिना ताटाला हात लावू देत नाही.

६ मे, मंगळवार

सकाळी अंगणात बघतो तर छपराची कौलं विखुरलेली. डांबरी कौलं नखांनी उचकटून, फाडून खाली टाकलेली. वर माझं काम मात्र जागच्या जागी! एक ओरखडासुद्धा नाही. मी फर्नांदाला हाक मारून दाखवलं. चारी मुंड्या चीत केला, म्हटलं.

ती काही बोलायच्या आत ऑर्नेला वरून धावत आली. (वरच्या खोलीत गादी टाकून झोपली होती. रंगाच्या वासात का झोपते कळत नाही.) तोंड पांढरंफटक.

"पप्पा, छतात कोणीतरी रडतंय."

वर गेलो. भिंतीला कान लावला. चिमण्यांसारखी चिवचिव, पण जाड, मधूनच थरथरत उठणारी. मग गप्प. मग पुन्हा.

खाली येऊन फर्नांदाला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "अहो मेस्त्री! मे महिन्यात कोणी भोक बुजवतं? तो नव्हे हो, ती! आई होती ती! पिल्लं आत आणि आई बाहेर. म्हणून छप्पर फाडत होती बिचारी."

इतका वेळ मी कौलं बघून हसत होतो.

नोरिनानं पालिकेला फोन लावला. एका मुलीनं समजावून सांगितलं. पिल्लं काढा, खोक्यात ऊबेला ठेवा, खोकं भोकाजवळ ठेवा आणि सगळे आत जा. आईला एकापेक्षा जास्त बिऱ्हाडं ठाऊक असतात. ती येईल आणि एकेक करून घेऊन जाईल. पण तिला भीती वाटता कामा नये. आणि दूर कुठेही नेऊन सोडू नका. तिला सापडणार नाही आणि पिल्लं जगणार नाहीत.

मग मी छिन्नी-हातोडा घेऊन वर चढलो. माझंच काम, कालचंच. मिश्रण मी कधीच कच्चं करत नाही. तीनदा हात दुखून थांबलो. हिरवी-गुलाबी खडी उडून अंगणात पडत होती, आणि आत ती पोरं ओरडत होती. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, थोडं वाईट काम करायला शिकायला हवं होतं.

चार निघाली. मुठीएवढी, डोळे मिटलेले, काळी पट्टी नुकती कुठे उमटायला लागलेली. तीन किंचाळत होती. चौथं गार पडलं होतं. नोरिनानं ते माझ्या हातातून घेतलं आणि जुन्या मफलरीत गुंडाळून स्वेटरच्या आत धरलं. हीच बाई काल म्हणत होती, असल्या जनावरांना रोग असतात.

खोक्यात गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली, वर पिल्लं. चौथंही हालचाल करायला लागलं तेव्हा त्यांच्यात ठेवलं. खोकं सपाट छपरावर, भोकाच्या अगदी जवळ. आणि मी जिन्यावरच्या खिडकीत उभा राहिलो.

दिवेलागणीला ती आली. मेपलच्या फांदीवर बसून बघत होती. पिल्लांचा आवाज तिला ऐकू जात असणार. मला वाटलं, खोक्याचं झाकण फार पुढे आलंय, तिला दिसत नसेल. म्हणून खिडकी उघडून हात बाहेर काढला. ती गेली. जी गेली ती गेलीच.

नोरिना इतकी चिडलेली मी फार वर्षांत पाहिली नव्हती.

"तू असा दारात ठाण मांडून उभा राहिलास तर येईल कशी ती? तुझं काही चुकत नाही, तू कायम मदतच करत असतोस! पण जरा बाजूला हो की! तुझ्या भीतीनंच येत नाहीत माणसं!"

"माणसं कुठली? रॅकून आहे ती."

ऑर्नेला उठून बाहेर गेली. जनावरांच्या बाबतीत ती पहिल्यापासून हळवी.

७ मे, बुधवार

ती आली नाही. पहाटे थंडी होती म्हणून खोकं आत घेतलं, बाटलीतलं पाणी बदललं, उजाडल्यावर पुन्हा बाहेर ठेवलं. चौथं पिल्लू फार आवाज करत नाही. पालिकेची मुलगी म्हणाली, आज संध्याकाळपर्यंत वाट बघा. नाही आली तर त्यांची माणसं येऊन पिल्लं घेऊन जातील. मग कुठे नेणार, विचारलं. म्हणाली, जागा मिळाली तर. जागा नाही मिळाली तर काय, ते मी विचारलं नाही.

दिवसभर हात कशाला लागेना. नर्सबाईचा फोन आला, खोली अजून आहे का म्हणून. नंतर सांगतो म्हटलं. टोमॅटोची रोपं बाहेर काढायची होती, काढली नाहीत. एकच गोष्ट डोक्यात: ती आली नाही तर ही चार पोरं माझ्या हातानं मेली. चोरीला काय शिक्षा द्यायची ती द्यावी, पण चोरी होती द्राक्षांची.

संध्याकाळी नोरिनानं घरातले दिवे मालवले आणि मला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं. "खिडकीकडे जायचं नाही. बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही." वरच्या पायरीवर ऑर्नेला बसली, तिला खिडकीतून दिसत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. अजून बऱ्यापैकी उजेड होता.

किती वेळ बसलो कोण जाणे. मला गप्प बसता येत नाही. चाळीस माणसांवर ओरडण्यात जन्म गेला. पाय वळला तरी बसलो.

मग ऑर्नेलानं हात वर केला, हळूच. ओठांनीच म्हणाली, "आली."

ती सगळं सांगत गेली, श्वासाच्या आवाजात. आली. वास घेतेय. आत डोकं घातलं. एक घेतलं, मानेला धरून. मांडवावरून उतरली. मला काही दिसत नव्हतं, पण छपरावरची धपधप ऐकू आली. तीच पावलं, ज्यांच्यासाठी आठवडाभर दातओठ खात होतो. पुन्हा आली. दुसरं नेलं. तिसऱ्याच्या वेळी जरा थांबली, म्हणे खिडकीकडेच बघत होती. ऑर्नेला हलली नाही, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी पुसलं नाही.

चौथं राहिलं. पार अंधार पडला तरी आली नाही. मी उठायला लागलो तर नोरिनानं दंडाला धरून खाली बसवलं आणि मग झोपायला पाठवलं.

८ मे, गुरुवार

खोकं रिकामं!

उजाडताच धावत गेलो. टॉवेल बाजूला सारलेला, बाटली लोळत पडलेली, चौथं नाही. कोणी दुसऱ्यानं नेलं असेल म्हणून मी सगळं छप्पर, अंगण, मांडवाखालची जमीन पाहिली. कुठे रक्त नाही, काही नाही. मांडवाच्या खांबावर ओल्या मातीचे हात उमटलेले, पाच-पाच बोटं, वर जाणारे आणि खाली येणारे. तीच आली होती.

मला रडू आलं. लिहून टाकतो. म्हातारा माणूस सकाळच्या वेळी पायजम्यात छपरावर बसून रडत होता, आणि फर्नांदानं पाहिलं. आज ती काही बोलली नाही. पेस्ट्री आणून दिल्या.

१० मे, शनिवार

आता बोलली. बोलली म्हणजे काय, सगळ्या गल्लीला ऐकवलं.

"मेस्त्री! तुमच्या बाईसाहेब माझ्या गॅरेजच्या माळ्यावर आहेत! चारही पिल्लं आहेत, मी मोजली! आता तुम्ही सिमेंट घेऊन आलात तर याद राखा!"

मी म्हटलं, मीच मांडवाच्या द्राक्षांतला त्यांचा वाटा तुमच्याकडे पोचवीन. ती म्हणाली, माझा वाटाही पोचवा. पोरं हिंडायला लागली की उन्हाळ्यात निघून जातील, तोवर तिच्या गॅरेजमध्ये गाडी लावायची नाही असं तिनं ठरवलंय. गाडी दोन वर्षं रस्त्यावरच असते, ते जाऊ दे.

भोक मी बुजवलं. आधी आत हात घालून, टॉर्च मारून, कान लावून, तीनदा बघून. या वेळी साधा पत्रा ठोकला.

११ मे, रविवार

ढगाळ, पण थंडी नाही. हे कसं लिहावं कळत नाही, तरी लिहितो.

जेवण झाल्यावर वरच्या खोलीत गेलो. नर्सबाईला होय म्हणून कळवायचं ठरवलं होतं आणि सकाळी अर्धी रंगवलेली भिंत पुरी करायची होती. ऑर्नेला गादीवर बसलेली, पाठ भिंतीला. मी तोंड उघडलं होतं. "ऊठ, रंग लागेल, आणि हे बघ, ती नर्स..." एवढं जिभेवर आलं होतं. पण तिचा चेहरा बुधवारी जिन्यावर होता तसाच होता, आणि का कोण जाणे, मी गप्प बसलो. रंगानं बरबटलेला रिकामा डबा उलटा केला आणि त्यावर बसलो. भिंतीकडे बघत राहिलो, तिच्याकडे नाही.

खाली नोरिना भांडी घासायची थांबली होती. ती कान देऊन उभी असणार.

"पप्पा," ती म्हणाली, "क्रेग बाहेरगावी नाहीये."

मी हललो नाही.

"फेब्रुवारीपासून आम्ही एकत्र राहत नाही. मी मैत्रिणीकडे सोफ्यावर झोपतेय. मम्माला ठाऊक होतं. तुला सांगायला... तुला तो एवढा आवडायचा. तू लग्नात सगळ्यांना सांगत फिरलास, माझा जावई, माझा जावई."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

मग ती माझ्याजवळ आली आणि लहानपणी पडली-झडली की रडायची तशी मोठ्यानं रडली. माझ्या हातावरचा रंग तिच्या केसांना लागला. मी क्रेगला काहीही म्हणालो नाही. फार काही म्हणावंसं वाटत होतं.

खाली आलो तर नोरिना पदार्थ झाकत होती, झाकलेलेच पुन्हा झाकत होती. म्हटलं, "ऑर्नेलानं सांगितलं. मला आधीच ठाऊक होतं म्हटलं तिला." तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत माझी एकही थाप या बाईनं पचू दिलेली नाही. आज म्हणाली, "असेल," आणि माझा गाल हातानं दाबला.

वहीत तरी खरं लिहितो. मला ओ की ठो ठाऊक नव्हतं.

नर्सबाईला फोन करून नाही म्हणून सांगितलं. उद्याचं काम: वरच्या खोलीच्या भिंती पुन्हा करायच्या. ऑर्नेलाला विचारून रंग आणायचा. मी लावलेला पांढरा चालणार नाही, पांढरा भाडेकरूंसाठी असतो.